मिशीवरचं डिझेल

आमची पिकअप माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. मुलगी शिकायला पुण्याला गेली, पिकअप अजून इथंच, हिंगणा रोडला आमच्या दारात उभी असते. पांढरा रंग केव्हाच पिवळट पडलाय. ड्रायव्हरच्या बाजूचं दार आतून उघडत नाही, खिडकीतून हात बाहेर काढून बाहेरची कडी ओढावी लागते. तरी तिला विकायचा विषय काढला की माझे यजमान दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. आमचा मसाल्याचा धंदा तिच्यावरच चालतो. ते लकडगंजच्या ठोक बाजारातून धने, मिरची, हळद निवडून आणतात, मी भाजते, दळते, पुड्या बांधते, आणि मग ते पुन्हा पिकअप काढून गिऱ्हाइकांकडे माल पोचवून येतात.

निवडून आणतात, असं मी लिहिलं खरं, पण ते पाहायला हवं. यजमान पोत्यात कोपरापर्यंत हात घालतात, तळातले धने वर काढतात, तळहातावर चोळतात आणि डोळे मिटून हुंगतात. मग हो किंवा नाही, एवढंच बोलतात. बाजारात त्यांच्या या हुंगण्याला मान आहे. दुसरे खरेदीवाले मागे थांबून बघतात, यांनी कुठलं पोतं घेतलं ते. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं फार हसू यायचं. पुढं माझाही त्या नाकावर विश्वास बसला, इतका की त्यांनी आणलेला माल मी कधी तपासून घेतला नाही.

गेल्या मार्चमधली गोष्ट. मनीषनगरमधल्या एका सोसायटीतल्या बायका मिळून आमच्याकडून वर्षाचे धने घेतात. बाजारातून येताना यजमानांनी एक पोतं तिथंच उतरवलं आणि उरलेली पाच घरी आणून ओसरीत रचली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बायकांपैकी एकीचा फोन आला. "काकू, रागावू नका, पण धन्यांना रॉकेलसारखा वास येतोय."

मी रागावलेच. माझा स्वभावच तसा आहे, ऐकायच्या आधी तापते. सव्वीस वर्षांत आमच्या मालाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी तेव्हा ओसरीतच मिरच्यांची देठं खुडत बसले होते, आदल्या दिवसापासून नाकात मिरचीशिवाय काही शिरत नव्हतं. उठले, हातपाय धुतले, नाक शिंकरलं आणि एका पोत्याची शिवण उसवली. वास होता. रॉकेलचा नव्हे, डिझेलचा. पाचातल्या तीन पोत्यांना होता, दोन चांगली होती.

यजमान चहा पीत बसले होते. मी त्यांना म्हटलं, "अवो, या धन्याले डिझेलचा वास येऊन राहिला."

"माल तं चांगला होता वं," ते म्हणाले. "मी हुंगूनच घेतला ना."

झालं, मग चूक व्यापाऱ्याचीच. त्यांनी हुंगला तेव्हा वास नव्हता, म्हणजे गाडीत चढवताना त्याच्या माणसांनी दुसरीच पोती चढवली असणार. मी सरळ त्या शेठना फोन लावला. लकडगंजचे हे शेठ यजमानांपेक्षा दहा वर्षांनी मोठे, आमच्या लग्नाच्या आधीपासून आम्हाला धने देणारे. मी काही बोलायचं बाकी ठेवलं नाही. गोदामात धन्यांच्या शेजारी डिझेलचे डबे ठेवता का, म्हटलं. जुनी ओळख आहे म्हणून काहीही गळ्यात मारता का, म्हटलं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाले, "वहिनी, मी आत्ताच दुसरी पोती पाठवतो. आधीची परत द्या."

आणि खरंच, दोन तासांत त्यांचा टेम्पो आला, सहा पोती उतरवून गेला, आमची पाच आणि जाता जाता मनीषनगरचं एक घेऊन गेला. मला वाटलं, कसं वठणीवर आणलं.

त्या आनंदात मी दुपारी पिकअप झाडायला मागच्या हौद्यात चढले. कोपऱ्यात, जिथं आदल्या दिवशी ती पोती होती, तिथला पत्रा गंजून रुपयाएवढं भोक पडलं होतं. झाडू तिथं गेला आणि तोच वास आला, ताजा. मी गुडघ्यावर बसून भोकाला नाक लावलं. खाली बरोब्बर डिझेलची टाकी होती.

फोनकडे माझा हात गेला नाही. शेठना उद्या सांगू, म्हटलं. आधी यजमानांना हाक मारली.

त्यांचं म्हणणं पडलं की हे शक्यच नाही. गाडी गळत असती तर खाली डाग पडला असता. दारातली फरशी कोरडी ठणठणीत होती. त्यांनी टाकीखाली वर्तमानपत्र पसरलं, सकाळी पाहिलं, तर बातम्याही ओल्या झाल्या नव्हत्या. "पाहा," ते म्हणाले. मी म्हटलं, "कागदाले काय पाहू? वास येऊन राहिला तो?" शेवटी माझी कटकट थांबवायला त्यांनी ठरवलं की टाकीच्या जोडावर कुठंतरी बारीक पाझर असेल. यावर जुन्या गाडीवाल्यांचा एक तात्पुरता उपाय असतो, कपडे धुण्याचा साबण जोडावर घासून बसवायचा. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, भेगेत जाऊन बसतो. माझ्या मोरीतली नवी वडी घेऊन ते गाडीखाली शिरले. उन्हातून सावलीत घ्यायला गाडी नुकतीच सुरू केली होती, इंजिन तसंच चालू ठेवलं.

दहा मिनिटांनी बाहेर आले. अंगावर धूळ, हाताला साबण. "झालं," म्हणाले. "आता पाहा, वासही नाही राहिला."

आणि त्यांच्या मिशीवर डिझेलचा एक टपोरा थेंब होता.

नाकपुडीच्या अगदी खाली. वरून कुठून तरी पडला असणार. फिकट पिवळा, उन्हात चमकत होता. मी दोन हात लांब उभी होते आणि मला त्याचा वास येत होता. ते मात्र माझ्याकडे समाधानानं बघत होते. थेंब ओठाकडे ओघळला तेव्हा त्यांनी घाम समजून मनगटानं पुसला.

मी म्हटलं, "अवो, तुमाले वास येत नाही."

"तेच तं म्हणतो. गेला आता."

"डिझेलचा नाही म्हणत मी. तुमाले कशाचाच येत नाही."

त्यांनी मनगटाकडे पाहिलं. मग खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं सगळं. पिकअपच्या मागच्या फळीवर बसत ते म्हणाले, "चार वर्सं झाले. त्या तापात गेला, तो आलाच नाही."

तो ताप मला आठवत होता. त्या साथीत आमच्या घरात तिघंही आजारी पडलो, तिघांचाही वास गेला. मुलीचा आठ दिवसांत परत आला, माझा पंधरा दिवसांत. आणि यजमानांनी एका सकाळी चहाचा कप नाकाशी धरून सांगितलं होतं, "माझाही आला." मी देवापुढं साखर ठेवली होती.

"मले सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू? आपला सारा धंदा या नाकावर. बाजारात लोक मागं उभे राहून पाहतात मले. त्याईले सांगू, की मी नुसतं नाटक करतो?" मग म्हणाले, "अन् तू म्हटलं असतं, घरी बसा."

म्हटलं असतंच. ते खोटं नव्हतं. पण मला तेव्हा भलतंच काही आठवलं आणि मी तेच विचारलं. "मंग रोज जेवताना म्हणता, भाजी मस्त झाली, फोडणी जमली, ते?"

"भाजी मस्त असतेच वं. मले वास येत नाही म्हणून ते वाईट थोडी होते? तिखट-मीठ समजते मले. बाकी तुह्यावर भरोसा."

मी आत निघून गेले. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून रडले, आणि रडता रडता संतापले. शेगडीकडे लक्ष गेलं तसा संताप दुप्पट झाला. मी मुलीकडे पुण्याला आठ-आठ दिवस जाऊन राहते. हा माणूस एकटा घरात. गॅस सुटला असता तर? चार वर्षांत कितीदा सुटता सुटता राहिला असेल, कुणास ठाऊक. बाहेर जाऊन मी हे सगळं त्यांना ऐकवलं, चांगलं मोठ्यानं, शेजारची गॅलरी भरेपर्यंत. ते खाली मान घालून ऐकत होते. तोंडाचा पट्टा संपल्यावर मला त्यांची फार कीव आली, आणि कीव आली याचा राग आला. चार वर्षं हा माणूस बाजारात डोळे मिटून रिकाम्या हवेला मान डोलवत होता, आणि घरी येऊन माझ्या फोडणीचं कौतुक करत होता. शेवटी मी म्हटलं, "गाडी कुठं गळते ते आधी पाहा. वास मी पाहते. हात तुमी लावा."

एवढं ऐकल्यावर ते उठले. आणि त्यांचं डोकं चालायला लागलं, ते मला चेहऱ्यावर दिसलं.

"थेंब वरून पडला," ते म्हणाले. "अन् रातभर कागद कोरडा होता. म्हणजे गाडी उभी असली का गळत नाही, चालू असली का गळते." मग मला समजावून सांगितलं. पंप टाकीतून जेवढं डिझेल ओढतो तेवढं सगळं इंजिन जाळत नाही. उरलेलं एका वेगळ्या नळीनं टाकीत परत येतं. इंजिन बंद झालं की ती नळी रिकामी. फुटली असेल तर तीच, आणि तिचं टोक टाकीच्या डोक्यावर असतं, हौद्याच्या पत्र्याखाली, जिथं जेमतेम हात जातो पण डोळा जात नाही. गळलेलं डिझेल टाकीवरच पसरायचं, रस्त्यानं जाताना वाऱ्यावर उडायचं आणि भोकातून वर पोत्यांना लागायचं. दारात उभ्या गाडीखाली थेंब पडायचं कारणच नव्हतं.

"पण नेमकं कुठं, ते पाहायचं कसं?" मी विचारलं.

"रांगोळी आण."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांनी फडक्यांनी टाकीचा माथा, नळ्या, जोड, सगळं चाचपत चाचपत पुसून कोरडं केलं, आणि माझ्या डब्यातली पांढरी रांगोळी मुठीमुठीनं त्यावर भुरभुरवली. मग ते जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले, आणि मी पन्नाशीची बाई, पदर खोचून हौद्यात पालथी पडले, एक डोळा भोकाला आणि हातात मोबाइलचा टॉर्च. शेजारची गॅलरी अजून रिकामी झाली नव्हती.

त्यांनी इंजिन सुरू केलं. काही नाही, सगळं पांढरंशुभ्र. "दाबा थोडं," मी ओरडले. इंजिनाचा आवाज चढला आणि टाकीच्या डोक्यावरच्या एका नळीच्या वळणाशी रांगोळी करडी झाली. आधी राईएवढा ठिपका, मग बोटभर रेघ, मग ती रेघ टाकीच्या कडेकडे चालायला लागली.

"सापडलं," मी म्हटलं. इतका आनंद मला मुलीच्या बारावीच्या निकालालाही झाला नव्हता.

नळी काढून त्यांनी माझ्या हातात दिली तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिले. वीतभर पिवळी, कडक झालेली प्लास्टिकची नळी, वाकवली तर तडकत होती. कुलरची होती. आमच्या नागपुरात प्रत्येक घराच्या माळ्यावर कुलरच्या पंपाच्या नळीचा एक तुकडा पडलेला असतो, आणि प्रत्येक घरातल्या पुरुषाला वाटतं की जगातलं काहीही त्या तुकड्यानं दुरुस्त होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी कुलर बसवताना पिकअपची रबरी नळी फुटली होती, हातात तुकडा होता, माप बरोबर बसलं. "पाणी नेते तं डिझेल काहून नाही नेणार, असं वाटलं," ते म्हणाले. डिझेलनं प्लास्टिक दोन वर्षांत सुकून पापड झालं होतं. एरवी मी यावर आठवडाभर बोलले असते. त्या दिवशी बोलले नाही.

त्यांनी स्पेअर पार्टच्या दुकानातून डिझेलची खरी जाड रबरी नळी आणली, दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या, भोकावर पत्र्याचा तुकडा ठोकायच्या आधी मला पुन्हा पालथं पाडलं. इंजिन पंधरा मिनिटं चाललं, दाबून चाललं, रांगोळी पांढरीच राहिली. मग मी हौदा साबणानं धुतला, वाळवला, कोपऱ्याकोपऱ्यात नाक घालून हुंगला आणि सांगितलं, "नाही." ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नाही म्हटल्यावर त्यांनी पत्रा ठोकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लकडगंजला निघालो. शेठची माफी मला मागायची होती, तोंड माझंच सुटलं होतं. वाटेत सिग्नलला यजमानांनी गाडी थांबवली. मग म्हणाले, "सांगून टाकतो शेठले."

"नळी फुटली होती एवढं सांगू," मी म्हटलं. "बाकीचं कायले?"

"ते विचारतील ना, गाडीत डिझेल उडून राहिलं होतं, तुमाले वास नाही आला? मंग काय सांगू?" थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "एकदा सांगतलं का मंग बाजारात कोणी मागं उभं राहणार नाही." त्यांचा आवाज मला ऐकवेना. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दुकानापाशी पोचलो तर सगळी पोती बाहेर, रस्त्याच्या कडेला फळ्यांवर रचलेली. शेठ दारात खुर्ची टाकून बसले होते आणि आत गोदामाची फरशी ओली होती. दोन दिवसांपासून गोदाम रिकामं करून धुवायचं काम चाललं होतं. कुठून आला तो वास, ते शोधत होते. मी पायरी चढायच्या आधीच हात जोडले. म्हटलं, "शेठ, चूक आमची होती. आमच्या गाडीत डिझेल गळत होतं. मी नाही नाही ते बोलले."

दोन खरेदीवाले शेजारी उभे होते. ते आमच्याकडे बघायला लागले. यजमान पुढं झाले आणि त्यांच्यासमोरच म्हणाले, "शेठ, वास मले आला पाहिजे होता. पण मले चार वर्सांपासून कशाचाच वास येत नाही. तुमच्या दुकानात मी उगाच हुंगत होतो."

शेठनी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "बसा," म्हणाले. "मले माहीत आहे."

यजमान उभेच राहिले.

"बिमारीतून उठून पहिल्यांदा आले होते ना तुमी, तवा आमच्या माणसानं चुकून भिंतीजवळचं पोतं उघडलं होतं. ओल लागलेलं. मले इथं बसून बुरशीचा वास येत होता. तुमी मूठभर हुंगलं अन् म्हटलं, एक नंबर." शेठ हे हळू बोलत होते, त्या दोन खरेदीवाल्यांना ऐकू जाणार नाही असं. "त्या दिवसापासून तुमचं पोतं मी आधी हुंगून ठेवतो. मंग तुमच्यापुढं उघडतो."

"मंग मले बोलले काहून नाही?"

"तुमी नाही बोलले, तं मी कसा बोलू?"

मला शेठच्या तोंडाकडे बघवेना. मी त्यांना फोनवर काय काय बोलले होते ते एकेक शब्द आठवत होतं. "पण शेठ," मी विचारलं, "तुम्ही हुंगून दिलं होतं, तुम्हाला माल चांगला आहे हे माहीत होतं. मग मी एवढी बोलले तर उलट का नाही बोललात?"

शेठ ओल्या गोदामाकडे बघत म्हणाले, "माह्यं वय झालं, वहिनी. मले वाटलं, आता माह्यंही नाक गेलं."

यजमान खाली बसले. मग यजमानांनी शेजारच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातले धने काढले, तळहातावर चोळले आणि सवयीनं नाकाकडे नेता नेता हात थांबवला. ते दोन खरेदीवाले अजून तिथंच होते. त्यांच्या देखत त्यांनी ती ओंजळ आधी शेठच्या पुढं धरली, मग माझ्या.

शेठनी डोळे मिटून हुंगलं. "वहिनी, तुमी सांगा," ते म्हणाले.

मी हुंगलं. "चांगले आहेत," म्हटलं.

"चांगले म्हणजे कसे?" यजमान म्हणाले. "नीट सांग ना वं. मले आठवून राहिलं नाही."